पाझरलेले सेल आणि कळकलेल्या पट्ट्या

दिवाळीपूर्वीची आवराआवर सुरू झाली की माळ्यावरून जुनी भांडी आणि जुन्या वह्या यांच्या जोडीला अलीकडे आणखी काही वस्तू खाली येऊ लागल्या आहेत. बंद पडलेला ट्रान्झिस्टर, पितळी टॉर्च, मुलांच्या लहानपणची आगगाडी, दुकानातला पहिलावहिला कॅल्क्युलेटर, एखादा कॅमेरा. वस्तू हातात घेऊन मागचे झाकण सरकवावे तो आत बहुधा एकच दृश्य दिसते. सेल फुगलेले, स्प्रिंगवर पांढरी किंवा निळसर-हिरवी भर चढलेली, तळाशी चिकट डाग आणि नाकाला झोंबणारा वास. घरातील कर्ता माणूस “गेले हे” एवढेच म्हणतो आणि वस्तू भंगाराच्या पोत्यात जाते. वस्तुतः त्यांपैकी पुष्कळशा वस्तू गेलेल्या नसतात. आतले यंत्र शाबूत असते. बिघडलेले असते ते केवळ वीज आत शिरण्याचे दार.

या विषयावर लिहावे असे मनात होतेच. त्यात गेल्या महिन्यात एका वाचक भगिनींचा दूरध्वनी आला आणि निमित्त मिळाले. जयसिंगपूरच्या बाजूला त्यांचे पिढीजात भुसार मालाचे दुकान आहे. सासरे ८४ वर्षांचे. त्यांनी उमेदीच्या काळात घेतलेला ट्रान्झिस्टर अनेक महिने बंद होता. उघडून पाहिला तर सेल पाझरलेले. नवा रेडिओ आणून देऊ म्हटले तर सासऱ्यांना नको, मोबाईलवरचे गाणे तर नकोच. भगिनींचा प्रश्न नेमका होता. “काका, मुलगा म्हणतो व्हिनेगर लावा, बाजारातला दुरुस्तीवाला म्हणतो खाण्याचा सोडा लावा. दोघेही खात्रीने सांगतात. मी कोणाचे ऐकू?”

मी विचारले, “ताई, आधी हे सांगा, सेल कोणत्या जातीचे होते?”

त्या क्षणभर थांबल्या. सेलला जात असते हे त्यांच्या ध्यानी आले नव्हते, आणि बहुतेकांच्या येत नाही. या कामातील सारी गोम मात्र तेथेच आहे. मुलगाही बरोबर होता, दुरुस्तीवालाही बरोबर होता. दोघे निरनिराळ्या सेलांविषयी बोलत होते.

आपल्याकडे किराणा दुकानात, पानपट्टीवर सुटे मिळणारे स्वस्त सेल हे बहुतांशी जस्त-कार्बन जातीचे असतात. त्यांचे मूळ जॉर्ज लेक्लांशे या फ्रेंच अभियंत्याने १८६६ मध्ये तयार केलेल्या घटात आहे. तो काचेच्या बरणीतला ओला घट होता आणि तारायंत्रासाठी वापरला जाई. पुढे १८८६ च्या सुमारास जर्मनीतील कार्ल गासनर यांनी द्रवाऐवजी लगदा वापरून त्याला कोरडे रूप दिले, आणि हातात धरून नेता येईल असा सेल जन्माला आला. मधोमध कार्बनची काळी कांडी, तिच्याभोवती मँगनीज डायऑक्साइड व कार्बन यांची काळी पूड, आणि बाहेर जस्ताचा डबा. आमच्या पिढीने लहानपणी संपलेला सेल फोडून ती कांडी काढली आहे आणि फरशीवर रेघा ओढल्या आहेत. त्यावेळी हात काळे झाल्याबद्दल बोलणीही खाल्ली आहेत.

या सेलातील ओलसर लगद्यात काय असते हे सांगितले तर वाचकांना नवल वाटेल. त्यात असतो नवसागर आणि जस्ताचा क्लोराइड. नवसागर म्हणजे कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात जी पांढरी पूड टाकतो आणि धुराचा लोट उठतो, तोच. कल्हईवाला ती कशासाठी टाकतो? धातूवरचा मळ व गंज खाऊन पृष्ठभाग स्वच्छ व्हावा आणि कथील नीट बसावे म्हणून. पातेल्यात जो गुण, तोच रेडिओच्या आत दोष ठरतो. पाझरलेला नवसागर स्प्रिंगवरचा निकेलचा मुलामा खातो, मग आतले पोलाद खातो, आणि पितळी पट्टी असेल तर तिच्यावर निळसर-हिरवा थर चढवतो. पितळेच्या भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते असे आपण म्हणतो. पट्टीही तशीच कळकते.

आता हा लगदा बाहेर येतोच कसा? जस्त-कार्बन सेलात जस्ताचा डबा हे केवळ वेष्टन नसते, तो स्वतःच सेलाचे इंधन असतो. वीज वापरावी तसतसा डबा आतून झिजतो. सेल पुरता संपेपर्यंत डबा जागोजागी कागदासारखा पातळ झालेला असतो आणि अखेर भोक पडते. म्हणजे ज्या पेटीत माल ठेवला तीच पेटी रोज थोडी थोडी विकून खाण्यासारखा हा व्यवहार. संपलेला सेल उपकरणात राहू देणे हे म्हणूनच धोक्याचे. ताजा सेल सहसा पाझरत नाही.

दुसरी जात अल्कलाइन सेलांची. कॅनडात जन्मलेले अभियंता लुईस उरी यांनी १९५० च्या दशकात अमेरिकेत या सेलाला व्यवहारात उतरेल असे रूप दिले. तो महाग असतो पण अधिक काळ टिकतो. त्याचा बाहेरचा डबा पोलादाचा असून झिजत नाही. जस्त आत पुडीच्या रूपाने असते आणि ते पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या दाट द्रावणात भिजलेले असते. हे द्रावण नवसागराच्या नेमके उलट्या स्वभावाचे, म्हणजे तीव्र अल्कली. सेल पडून राहिला की जस्त हळूहळू त्या द्रावणातील पाण्याशी क्रिया करून हायड्रोजन वायू सोडते. दाब वाढतो, तळाकडील सील दबते, आणि द्रावण सूक्ष्म फटीतून बाहेर सरकते. हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचे पोटॅशियम कार्बोनेट बनते. झाकण उघडल्यावर कापसासारखी किंवा मिठासारखी जी पांढरी भर दिसते ती हीच. पूर्वी हा वायू आटोक्यात ठेवण्यासाठी सेलात थोडा पारा घालीत असत. विषारी म्हणून तो पुढे काढून टाकण्यात आला. ते योग्यच झाले.

आम्लाला अल्कली उतारा, अल्कलीला आम्ल उतारा, हा शाळेतील विज्ञानाचा साधा नियम येथे लावावयाचा. अल्कलाइन सेल पाझरला असेल तर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस. जस्त-कार्बन सेल पाझरला असेल तर खाण्याच्या सोड्याचे लगदावजा मिश्रण. ज्या देशांत घरोघरी अल्कलाइन सेलच वापरतात तेथील माहितीत व्हिनेगरचा उल्लेख हमखास असतो, आणि आपली मुले तीच माहिती वाचतात. ज्या घरांत शिरका वर्ज्य आहे त्यांनी निःशंकपणे लिंबू वापरावे. परिणामात फरक नाही. मात्र दोन्ही एकदम कधीही लावू नयेत. सोडा आणि लिंबू एकमेकांनाच खातात, फेस भरपूर येतो, पाहणाऱ्याला काम जोरात चालल्यासारखे वाटते आणि पट्टीवरची घाण तशीच राहते.

सेलवर अक्षरे शिल्लक असतील तर जात ओळखणे सोपे. अल्कलाइन असेल तर तसे लिहिलेले असतेच. ‘हेवी ड्यूटी’ असे असेल तर तो जस्त-कार्बन समजावा. अक्षरे गंजाने खाल्ली असतील, किंवा सेल कोणीतरी आधीच फेकून दिले असतील, तर आपल्या स्वयंपाकघरात एक जुनी परीक्षा आहे. हळदीला चुना लागला की ती लाल होते हे कोणत्या घरात ठाऊक नाही? पांढऱ्या कागदावर हळदीचे पाणी लावून तो वाळू द्यावा, किंचित ओला करावा आणि काडीने त्या भुकटीचा कण त्यावर ठेवावा. डाग तांबूस झाला तर ती अल्कली होय, लिंबू घ्यावे. हळद पिवळीच राहिली तर सोडा घ्यावा. सांगली परिसरातील वाचकांना हळदीची वाण सांगण्याची गरज नाही. साधी घरातली चालते.

कामाला लागण्यापूर्वी सावधगिरीचे दोन शब्द, आणि ते मी जरा कठोरपणे लिहितो. अल्कलाइन सेलाचे द्रावण कातडीला भाजते आणि डोळ्यात गेले तर दृष्टीला कायमची इजा करू शकते. हातमोजे आणि चष्मा घालूनच बसावे. वाळलेली भुकटी तोंडाने फुंकू नये. ती उलट डोळ्यातच येते. मुलांना शेजारी बसवून शिकवण्याचा मोह या एका कामात आवरावा. डोळ्यात काही गेलेच तर वाहत्या स्वच्छ पाण्याने निदान पंधरा मिनिटे डोळा धुवावा आणि नंतर डॉक्टरांकडे जावे. आधी घरगुती उपाय करीत बसू नये.

त्या ताईंच्या यजमानांना बाजाराच्या निमित्ताने सांगलीस यावयाचे होते. ते रेडिओ जुन्या धोतराच्या कापडात गुंडाळून घेऊन आले. रेडिओला पोस्टातून परवाना काढावा लागे त्या काळातला तो संच होता, आणि परवान्याची पुस्तिकाही त्या वृद्ध गृहस्थांनी रेडिओच्या चामडी पिशवीत जपून ठेवली होती. यजमान म्हणाले, “अण्णा रोज संध्याकाळी यावर बाजारभाव ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशीची गुळाची खरेदी ठरवायचे. दुकानातली सगळी माणसं तेवढा वेळ गप्प बसायची.” हिशेबाच्या पुस्तकात असल्या वस्तूची किंमत घसारा वजा जाता केव्हाच शून्य झालेली असते. हिशेबाचे पुस्तक तेवढेच सांगू शकते.

रेडिओत चार मोठे सेल एकापुढे एक, मिळून सहा व्होल्ट. पाझरला होता त्यांतील तिसरा. तीन शाबूत आणि एकच फुटलेला, हे नेहमी का दिसते? याचे कारण व्यापारी कुटुंबांना चटकन समजेल. चार भागीदारांची पेढी आहे. तिघांचे भांडवल शिल्लक आहे, चौथ्याचे संपले आहे, पण उचल मात्र सर्वांच्या नावावर सारखीच पडते. चौथ्याचे खाते उणे होते. ओळीने जोडलेल्या सेलांतही दुबळा सेल आधी संपतो, बाकीचे तिघे त्याच्यातून जबरदस्तीने प्रवाह ढकलत राहतात, त्याचे ध्रुव उलटतात, आत वायू धरतो आणि तो फुटतो. जुना आणि नवा सेल एकत्र घालू नये, किंवा दोन निरनिराळ्या जातींचे सेल एकत्र घालू नयेत असे सांगतात ते यासाठीच. बचत म्हणून एकच सेल बदलणारे पुष्कळ असतात. त्यांची ती बचत रेडिओला भोवते.

वर्तमानपत्र अंथरून, खिडक्या उघड्या ठेवून आम्ही काम सुरू केले. प्रथम जुन्या टूथब्रशने कोरडी भर झाडली. संच तिरपा धरला होता, म्हणजे कण आत न जाता बाहेर पडावेत. मग सोड्यात पाण्याचे चार थेंब घालून केलेला लगदा कापसाच्या काडीने स्प्रिंगवर आणि पट्टीवर लावला. थोडे बुडबुडे आले, किंचित अमोनियाचा दर्पही आला. पाच मिनिटांनी ओलसर काडीने पुसून घेतले, आणि काडी स्वच्छ निघेपर्यंत पुनःपुन्हा पुसले. पाणी ओतायचे नाही, काडीपुरतेच. पितळी पट्टीवरचा हिरवा थर सोड्याला दाद देत नव्हता. त्यासाठी सोड्याचा अंश पूर्ण पुसून टाकल्यावर लिंबाचा एक थेंब लावला आणि तो तांब्याच्या तांब्यासारखा उजळला. त्यानंतर ओल्या काडीने पुन्हा पुसणे आलेच, कारण लिंबाचा अंश राहिला तर तोही धातू खातो. सर्वांत शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. हे औषधांच्या किंवा इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या दुकानात मिळते. ते उरलेले पाणी सोबत घेऊन उडून जाते. हात धुण्याचा जेल त्याऐवजी चालत नाही, त्यात ग्लिसरीन असते व ते मागे राहते. अल्कोहोल पेट घेते, तेव्हा जवळ दिवा किंवा गॅस नसावा.

सपाट पट्टीवर उरलेली काजळी घालवण्यास शाळकरी खोडरबर उत्तम. स्प्रिंगसाठी अगदी बारीक पॉलिश पेपर, तोही हलक्या हाताने. भांडी घासण्याची तारेची घासणी मात्र वापरू नये. तिचे बारीक तुकडे आत पडतात आणि दोन तारांना जोडून नवा बिघाड निर्माण करतात.

एवढे करूनही रेडिओ बोलला नाही. येथे बहुतेक लोक हात टेकतात, पण या टप्प्यावर पाहण्याची जागा वेगळी असते. गंज पट्टीवर थांबत नाही. तो पट्टीला जोडलेल्या तारेच्या प्लास्टिकच्या आवरणाखालून आत सरकत जातो. बाहेरून तार धडधाकट दिसते, आत तांबे काळे-हिरवे होऊन तुटलेले असते. ऋण बाजूची तार सोलून पाहिली तर दोन इंचांपर्यंत काळी निघाली. लखलखीत तांबे दिसेपर्यंत ती कापली आणि नव्या तुकड्याने जोड दिला. तिसऱ्या सेलाची स्प्रिंग हात लावताच तुकडे होऊन पडली, तीही बदलली. अशा स्प्रिंगा आणि पट्ट्या पुण्यात बुधवार पेठेतील तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सुट्या मिळतात. लहान गावात मिळाल्या नाहीत तर मोडक्या खेळण्यातील काढून घ्याव्यात. सोल्डरिंगची सवय नसेल तर येवढ्यापुरते काम कोपऱ्यावरच्या कारागिराकडून करून घेण्यात कमीपणा नाही. सफाई आपण केलेली असली की तोही आनंदाने करून देतो. गंजलेला डबा नुसता पुढे ठेवला तर “नवा घ्या” असेच सांगतो, आणि त्याच्या वेळेचा विचार केला तर त्याचेही चूक नाही.

नवे चार सेल घातले. खरखर झाली, आवाजाची खुंटी फिरवली तशी ती वाढली, आणि त्यातून एक केंद्र लागले. खुंटीची खरखर अजून आहे. ती धुळीची आहे, सेलांची नव्हे. दोन दिवसांनी ताईंनी कळविले की सासरे काही बोलले नाहीत, फक्त संध्याकाळभर काटा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवीत बसले.

दुकानातील उपकरणांविषयी थोडे वेगळे सांगावे लागते. इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यात बहुधा सीलबंद शिसे-आम्ल बॅटरी असते. तिच्यात गंधकाम्ल असते. तिच्या टोकांवर पांढरी-हिरवी भर दिसली तर उतारा सोडाच, लिंबू कदापि नाही. आधी भिंतीतील प्लग काढावा. बॅटरीचा कप्पा स्वतंत्र असेल तर एवढी सफाई घरी करता येते. परंतु काट्यावरील सरकारी मुद्रेला धक्का लागेल असे काहीही स्वतः उघडू नये. वैधमापन अधिनियम, २००९ प्रमाणे काट्याची दुरुस्ती परवानाधारकानेच करावयाची असते आणि दुरुस्तीनंतर पुन्हा पडताळणी व मुद्रांकन करून घ्यावे लागते. पन्नास रुपये वाचवून दंडास पात्र होणे हा व्यवहार कोणत्याही पेढीला परवडणारा नाही.

१९९० च्या आसपासचे संगणक काही पेढ्यांत अजून कोपऱ्यात झाकून ठेवलेले दिसतात, कारण त्यांत जुने हिशेब आहेत. त्यांपैकी अनेकांत घड्याळ चालू राहावे म्हणून मुख्य पटलावरच निकेल-कॅडमियमची लहान बॅटरी सोल्डर केलेली असे. ती पाझरली की तिचे द्रावण पटलावरच्या केसासारख्या बारीक तांब्याच्या वाटा खात जाते. हे द्रावणही अल्कलीच. अशा ठिकाणी मी स्वतः हात घालीत नाही आणि वाचकांनीही घालू नये. बॅटरी कापून काढण्यास जाणत्याकडे द्यावे, आणि हे काम जितके लवकर होईल तितके बरे. संगणक बंद आहे म्हणून बॅटरी शांत आहे असे मुळीच नसते.

टॉर्चमध्ये सेल अडकून बसला असेल तर हातोडीने ठोकू नये. बल्बाकडील भाग काढून आत योग्य तो उतारा थोडा थोडा सोडावा, काही तास थांबावे आणि टॉर्च लाकडावर हळूच आपटावा. पितळी टॉर्च बहुधा वाचतो. ॲल्युमिनियमच्या टॉर्चमध्ये अल्कलाइन सेल फुटला असेल तर आशा कमी ठेवावी, कारण अल्कली ॲल्युमिनियमलाच खाते आणि नळी आतून फुगते. ज्या खेळण्याच्या पट्ट्या प्लास्टिकमध्येच बसवलेल्या आहेत आणि त्या पूर्ण झडून गेल्या आहेत, त्यावरही वेळ घालवू नये. सगळेच वाचवायला बसले तर दिवाळी निघून जाते.

बटण सेलांचा विषय गंजापुरता लहान आहे, पण घरापुरता फार मोठा. साखर तपासण्याचे यंत्र, वजनाचा सपाट काटा, मोटारीची किल्ली यांत जो चपटा लिथियमचा सेल असतो त्यावर बहुधा २०३२ असा आकडा असतो. २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर, ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. लहान मुलाच्या अन्ननलिकेत नेमका अडकेल एवढा हा आकार आहे. अडकल्यावर तो ओलसर ऊतींतून वीज वाहवतो, तेथे तीव्र अल्कली तयार होते, आणि दोन तासांत आतून गंभीर भाजते. मुलाने असा सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नये, वाट पाहू नये, थेट रुग्णालय गाठावे. नातवंडे असलेल्या घरात जुना बटण सेल काढला की तो टेबलावर क्षणभरही ठेवू नये.

सेल पाझरूच नयेत यासाठी बँकेच्या शाखेत आम्ही एक रीत ठेवली होती, तीच घरी चालू आहे. नवा सेल घालताना त्यावर बॉलपेनने महिना व वर्ष लिहावयाचे. ३१ मार्चला वार्षिक हिशेब बंद झाले की शिपायाने सर्व टॉर्च, भिंतीवरची घड्याळे आणि कॅल्क्युलेटर उघडून तारखा पाहावयाच्या. व्यापारी घरांना यासाठी दिवाळीची आवराआवर आणि गुढीपाडवा हे दोन मुहूर्त आयतेच आहेत. भिंतीवरच्या घड्याळाकडे विशेष लक्ष द्यावे. ते इतकी थोडी वीज घेते की अगदी दुबळ्या सेलावरही महिनोन्महिने चालते, आणि चालते आहे म्हणून कोणी उघडून पाहत नाही. दूरनियंत्रकाचेही तसेच. जे उपकरण महिनाभर वापरावयाचे नाही, त्यातील सेल काढून ठेवावेत. उपकरणासोबतच, पण वेगळ्या पिशवीत.

काढलेले संपलेले सेल ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नयेत, जाळू तर मुळीच नयेत. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार उत्पादकांवर असे सेल परत गोळा करण्याची जबाबदारी आहे, आणि ग्राहकाने ते घरगुती कचऱ्यापासून वेगळे ठेवावयाचे आहेत. पुष्कळ सेलांवर कचरापेटीवर फुली मारलेले चिन्ह असते ते याचसाठी. साठवण्यास प्लास्टिकची बरणी घ्यावी, स्टीलचा डबा नको. बटण सेल आणि चौकोनी नऊ व्होल्टचे सेल यांच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी, म्हणजे एकमेकांना लागून ते तापणार नाहीत. आमच्या गल्लीतील तीन दुकानांची मिळून अशी एकच बरणी आहे. ती भरण्यास साधारण वर्ष लागते, आणि भरली की ई-कचरा नेणाऱ्या नोंदणीकृत माणसाकडे पावती घेऊन देतो.